उजव्या खुर्चीची पाळी

१ एप्रिल १९९६, लिस्बन

आले एकदाची! दोन सुटकेस, आईने बळेबळे कोंबलेला चीजचा अख्खा गड्डा आणि बाहीवर वैमानिकाच्या नव्याकोऱ्या पट्ट्या. फायाल बेटावर निरोप घेताना भेटेल त्याला सांगत होते, आता मी अटलांटिक ओलांडणार. शेजारचे म्हातारबा म्हणाले, "अगं इल्दा, आपण जन्मभर त्याच्या मधोमध बसलोय. ओलांडायला उरलंय काय?" विमानात बसेपर्यंत हसत होते मी.

बेटाबेटांमधली पंख्याची छोटी विमानं उडवून हात तयार झालेत माझे. आडवा वारा, ओली धावपट्टी, धावपट्टीवर गायी, सगळं पाहून झालंय. पण मोठं विमान आणि मोठं पाणी हे लहानपणापासून मनात होतं. आमच्या अंगणावरून अमेरिकेकडे पांढऱ्या रेघा जायच्या. आता त्या रेघेच्या टोकाशी मी असणार.

कंपनी लहान आहे. विमानं दुसऱ्यांनी वापरून टाकलेली, वरून रंग नवा. पगार बरा. खोली ओलिव्हाइशमध्ये तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून धावपट्टीचं टोक दिसतं. नळ गळतो. गळू दे. आज मी कुणावर चिडणार नाही.

९ एप्रिल

वर्ग संपला. आज गणवेशासकट तलावात उडी मारून रबरी तराफ्यावर चढायची परीक्षा होती. बरोबरच्या पोरांपैकी एकाने विचारलं, पोहता येतं ना बाईसाहेब? मी म्हटलं, मी बेटावरची आहे, तू आधी काठ धर. त्याला शेवटी दोघांनी ओढून वर काढला.

आता प्रत्यक्ष उड्डाणं, शिकवणाऱ्या कॅप्टनच्या शेजारी, उजव्या खुर्चीत बसून; शेवटी त्याची सही मिळाली की मी पक्की. माझ्या नशिबी कॅप्टन व्हालादारेस आलेत. पुढच्या वर्षी निवृत्त होणार, चांदीसारखे केस, गडगडाटी हसणं. म्हणाले, "या कामात दोनच गोष्टी, पोरी. बेरीज-वजाबाकी आणि जागं राहणं. पहिली यंत्र करतं." मी विचारलं, आणि दुसरी? म्हणाले, "दुसरी तू!" सगळे हसले. मीही हसले.

१३ एप्रिल, बोस्टन

केलं! अटलांटिक ओलांडला!

सविस्तर लिहिते, नाहीतर विसरेन. महासागराच्या मधल्या पट्ट्यात जमिनीवरून आपल्याला कुणी बघत नाही, रडार तिथवर पोचतच नाही. म्हणून नकाशावर ठरलेली प्रत्येक रेघ ओलांडली की आपणच रेडिओवरून सांगायचं: इथे आहोत, इतक्या उंचीवर, इतकं इंधन, पुढच्या रेघेवर अमुक वाजता. सांता मारिया बेटावरचा माणूस ते लिहून घेतो. वेळेवर आवाज आला नाही तर तो आपल्या कॉकपिटमध्ये घंटी वाजवतो. तरी उत्तर नाही तर शोध सुरू होतो. रेडिओवर सारखी खरखर, कढईत मासे तळल्यासारखी, आणि त्यातून तो माणूस बोलतो. गुआल्तेर त्याचं नाव. माझे हेल ऐकून म्हणाला, फायालची ना तू? मी विरघळलेच.

जिथून परत फिरायला आणि पुढे जायला सारखाच वेळ लागेल ती जागा व्हालादारेसांनी मला पेन्सिलने काढायला लावली. एक इंजिन गेलं तर? केबिनमध्ये धूर झाला तर? धडाधड प्रश्न. शिकवतात छान. जेवताना त्यांनी मासा घेतला, मला कोंबडी. दोघांनी एकच ताट खायचं नाही, एक आजारी पडला तर दुसरा हवा.

पश्चिमेला जाताना दिवस संपतच नाही. सूर्य विमानाच्या नाकासमोर टांगून ठेवल्यासारखा. खाली निळं, वर निळं.

जेवणानंतर त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. खुर्चीत थोडी डुलकी घ्यायची पद्धत आहे, दुसरा जागा असला तर. त्यांची डुलकी अमेरिकेचा किनारा दिसेपर्यंत चालली. म्हातारा माणूस, चालायचंच.

२० एप्रिल

हे काय वेळापत्रक आहे? जायचं, हॉटेलात जेमतेम पाठ टेकायची, यायचं, की लगेच पुन्हा जायचं. शरीराला कळत नाही सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली. आरशात माझे डोळे सशासारखे लाल. कार्यालयात जाऊन सांगितलं, मला विश्रांतीचा दिवस द्या. तिथला टाय लावलेला बाबा कॉफी ढवळत म्हणाला, "तुम्हा बेटवाल्यांना दुपारच्या झोपेची सवय असते. जाईल हळूहळू." कॉफी त्याच्या टायवर ओतावी असं वाटलं. म्हणे, हे उड्डाणांचं गणित कॅप्टन व्हालादारेसांनीच मागून घेतलंय, शिकणाऱ्याच्या हाताची सवय मोडू नये म्हणून.

हात? माझी मान मोडायची वेळ आलीय.

२४ एप्रिल, बोस्टन

मी झोपले. लिहायलाही लाज वाटते. कॅप्टन टोपीखाली घोरत असताना, मागे शेकडो माणसं बसलेली असताना, मीही झोपले.

जाग आली तर सूर्य सरकलेला. घड्याळ पाहिलं. एक रेघ केव्हाच मागे गेली होती. मी रेडिओ उचलून गुआल्तेरला भराभर सगळं सांगायला लागले. तो म्हणाला, "अगं, मघाशीच सांगितलंस की! वर चढायची परवानगीही मागितलीस. काय झालंय तुला? आणि मघाशी किती स्वच्छ बोलत होतीस, हेलसुद्धा नव्हता."

मी उंची पाहिली. आम्ही खरंच वर चढलेलो होतो. ऑटोपायलट सरळ जातो, वळणं घेतो; पण परवानगी मागून, हाताने बटण फिरवल्याशिवाय तो नव्या उंचीवर जात नाही.

व्हालादारेसांना हलवून विचारलं, तुम्ही केलंत? अर्धा डोळा उघडून म्हणाले, "झालं ना व्यवस्थित? मग झोप."

म्हणजे हे जागे होते! माझी परीक्षा घेत होते. बायकी आवाज काढून रेडिओवर बोलत होते, आणि मी तिकडे लाळ गाळत पडलेली. आता केबिनभर सांगत हसतील. हलकट म्हातारा.

२७ एप्रिल, बोस्टन

आज त्यांना पकडायचं ठरवलं होतं. जेवण झालं, मान टाकली, डोळे किलकिले ठेवून झोपेचं सोंग केलं. ते घोरत होते, तोंड उघडं. कुणी असं सोंग करू शकत नाही.

मग सोंगातून खरी ग्लानी आली असावी. पूर्ण झोप नव्हती. सगळं दिसत होतं, अंग मात्र हलत नव्हतं. घंटी वाजली. माझा उजवा हात उठला. मी नाही उचलला. हाताने रेडिओचा माइक काढला, ओठांशी आणला, आणि माझं तोंड उघडलं.

बोलत होतं माझं तोंड. आवाज माझा नव्हता.

दमलेल्या बाईचा आवाज, लिस्बनचा, स्वच्छ. जागा, उंची, इंधन, पुढची वेळ, एकही चूक नाही. माइक जागेवर गेला. मग त्याच आवाजात, अगदी हळू, रेडिओ बंद असताना, माझ्या तोंडून आलं, "अजून किती?"

मी किंचाळून उठले. व्हालादारेसांनी टोपी सरकवून पाहिलं आणि पुन्हा डोळ्यांवर घेतली. त्यांना नवल वाटलं नाही. किंचितही नाही.

बोटं अजून गार आहेत. गरम पाण्यात धरली, तरी गारच.

२८ एप्रिल, बोस्टन

फेलिज्बेलाने सांगितलं. ती केबिनची मुख्य, पहिल्यापासून कंपनीत आहे. हॉटेलसमोरच्या दुकानात सकाळची कॉफी घेत होतो. माझी बोटं हातात घेतली आणि म्हणाली, "देवा, तुलाही?"

दोन वर्षांपूर्वी व्हालादारेसांशेजारी माझ्या खुर्चीत नोएमिया तेलेस होती. उड्डाणांमागून उड्डाणं करून अर्धी झालेली. एका सकाळी तिने विमानात चढण्याआधी सांगितलं, छातीत दुखतंय, आज नको. व्हालादारेस म्हणाले, राजकन्येला खुर्ची टोचतेय वाटतं. ती चढली.

मध्यावर हे झोपले. फेलिज्बेला कॉफी घेऊन आत गेली तेव्हा नोएमिया ताठ बसली होती, डोळे उघडे, समोर सूर्याकडे. कामात असेल म्हणून हिने कप बाजूला ठेवला. पुन्हा गेली तेव्हा कप तसाच. खांद्याला हात लावला तर लाकूड.

बोस्टनचा डॉक्टर म्हणाला, ही बाई निम्मा समुद्र यायच्या आधीच गेलेली आहे. पण त्यानंतरच्या प्रत्येक रेघेवर तिने वेळेवर कळवलं होतं. गुआल्तेरच्या जागी तेव्हा जो होता त्याने ऐकलं होतं. कंपनीने घरच्यांना सांगितलं, उतरल्यावर इस्पितळात वारली. म्हाताऱ्याच्या झोपेबद्दल अवाक्षर नाही.

"तेव्हापासून त्याला कळलंय," फेलिज्बेला म्हणाली. "उजव्या खुर्चीतली बाई झोपली की ती येते. मग हा निवांत. म्हणून बायका मागून घेतो, आणि दमवतो."

माझ्या आधी जासिंता होती. आता डोंगरातल्या आपल्या गावी असते. झोपत नाही म्हणे. आईच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसते, आणि मधूनच आकडे बोलते.

मी भीतीने थरथरायला हवं होतं. पण माझी नुसती आग झाली. मेल्यावरसुद्धा! मेल्यावरसुद्धा तिच्याकडून काम करून घेतोय, आणि शेजारी घोरतोय!

३० एप्रिल, लिस्बन

मुख्य वैमानिकाकडे गेले. सगळं सांगितलं. तो टेबलावर बोटं वाजवत ऐकत होता. मग गोड आवाजात म्हणाला, "म्हणजे कामावर असताना झोपल्याचं तुम्ही कबूल करताय? लिहून देता?"

त्याच्या खोलीचं दार मी इतक्या जोरात आपटलं की काचेला तडा गेला. जाऊ दे. त्याच्या टेबलाच्या कप्प्यात माझा परवाना, माझे सहीचे कागद, माझं सगळं आयुष्य, आणि तो गोड हसतोय.

आईला फोन केला. परत ये म्हणाली. म्हटलं येते. पण मी गेले तर उद्या दुसरी कुणी बसेल त्या खुर्चीत. एक नवी मुलगी आलीच आहे, चोवीसची असेल, पट्ट्यांवरून हात फिरवत होती.

२ मे

व्हालादारेसांना जेवणघरात गाठलं. सगळ्यांदेखत विचारणार होते, पण ते एकटेच सूप पीत होते. तोंडावर म्हटलं, तुम्ही नोएमियाला मारलंत.

चमचा खाली ठेवला नाही. "मी झोपलो होतो, पोरी. झोपलेला माणूस कुणाला मारत नाही." मग ओठ पुसून, "उठलो तर सगळं जागच्या जागी. खरं सांगू? जिवंतपणी ती जरा कुरकुरी होती. आता बघ, तक्रार नाही. इतकी चांगली को-पायलट मला आजवर मिळाली नाही. आणि तुझं काय बिघडतंय? झोप मिळते, सही मिळेल."

मी सूपचं भांडं उलटं केलं त्यांच्या मांडीवर. ते ओरडले. मला फार बरं वाटलं.

मग बाहेर पायऱ्यांवर बसून रडले. रडता रडता सुचलं. कॉकपिटमध्ये विमानाचा ताबा शब्दांशिवाय कधी बदलत नाही. घेणारा म्हणतो, माझा ताबा. देणारा म्हणतो, तुझा ताबा. पहिल्या दिवसापासून हे हाडात मुरवतात. नोएमियाकडून कुणीच घेतला नाही. हे उठले आणि प्रेताशेजारून गपचूप विमान उतरवून मोकळे झाले. तिची पाळी संपल्याचं तिला कुणी सांगितलंच नाही.

सांगायला हवं. आणि ज्याने घ्यायला हवा होता त्यानेच घेतला पाहिजे.

४ मे, विमानात

गुडघ्यावर लिहितेय. बेटं मागे गेली. ढगांतून फायालचा तुकडा दिसला.

सूपाबद्दल त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी नसले तर त्यांना जागं राहावं लागेल ना. आल्याआल्या म्हणाले, आज लवकर झोप हं.

झोपणार नाही. मिरची आणलीय दाताखाली धरायला.

पुढे —

टोपी ओढली त्यांनी. मी काढून मागे भिरकावली. पाण्याची बाटली तोंडावर ओतली. शिव्या दिल्या मला. मी म्हटलं, तिच्याकडून ताबा घ्या. दोन वर्षं झाली तिला. शब्द बोला, मग मी कुणाला काही सांगणार नाही, सही नको, उद्या बेटावर जाते.

ते हसायला लागले. "एवढंच? आधी सांगायचंस!" ओल्या चेहऱ्याने खुर्चीत सरळ झाले, माझ्याकडे बघून, माझ्या आरपार बघून, कपाळाला हात लावून सलाम ठोकला. "नोएमियाबाई, संपली तुमची ड्युटी. माझा ताबा!"

माझ्या छातीतून एक श्वास बाहेर पडला. लांब. संपतच नव्हता. माझा नव्हता तो. आणि मग माझ्या तोंडून, रडवेल्या आवाजात, "तुमचा ताबा."

बोटं ऊन झाली. गेली ती. मला कळलं, गेली! देवा, किती हलकं —

पुढे —

ते अजून सलामाचा हात तसाच धरून आहेत. म्हटलं पुरे आता नाटक. हसू तसंच. डोळे उघडे, सूर्याकडे. पापणी हलत नाही.

फेलिज्बेलाला बोलावलं. तिने मानेला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "गेलाय." आम्ही दोघींनी मिळून तो हात खाली केला. जड होता.

मला वाईट वाटत नाही. लिहून ठेवते. अजिबात वाटत नाही.

एकटीने उतरवायचं. येतं मला. येतं.

पुढे —

घंटी वाजली. मी माइक घेतला. मी जागी होते. पूर्ण जागी, जीभ मिरचीने भाजलेली.

तोंड उघडलं आणि —

पुरुषाचा आवाज. गडगडाटी. जागा, उंची, इंधन. गुआल्तेर म्हणाला, आज कॅप्टन स्वतः का?

ताबा घेतला म्हणजे तिची पाळीच घेतली याने. ती निदान मी झोपायची वाट बघायची. हा थांबत नाही.

दातांत रुमाल धरलाय. आता फक्त हात. हात माझे आहेत.

५ मे, बोस्टन

उतरवलं. रुमाल दातांत, हात माझेच. सगळे सुखरूप. बाहेर टाळ्या वाजत होत्या.

डॉक्टरने सांगितलं हृदय. कंपनीचा माणूस फुलं घेऊन आला. थोर वैमानिक, म्हणाला. थोर! मी बोलायला गेले, त्याने काय केलं ते सगळं सांगायला, तर तोंडातून दुसरंच. त्याचं हसणं. कंपनीवाला मागे सरला.

फेलिज्बेला खुर्ची दाराला लावून बसलीय. तिला लिहून दाखवलं: मी बोलले तर उत्तर देऊ नकोस.

दुपारचं ऊन आहे. पडदे उघडे ठेवलेत.

नंतर

मघा डोळा लागला. फेलिज्बेला रडतेय. काय बोलला विचारलं, लिहून. सांगत नाही. लांब जाऊन उभी राहिली.

देणार नाही. तोंड घेतलंस, हात देणार नाही. ही वही माझी आहे. जोवर मी लिहितेय तोवर मी आहे. ऐकतोयस ना, हलकटा? मी इल्दा दुत्रा, फायालची. मी चिडलेली आहे. मी जागी आहे.

नंतर

बोटं गार —

जागी आहे. बसले आहे. सूर्य समोर. पापणी नको मिटायला. मी जागी आहे मी जागी

दमले. नाही. नाही दमले. मी बसले आहे, इथेच, उजव्या —

मी जागी आहे. मी जागा आहे. मी बसलो आ—